अक्षरक्रमानं ऐकलेला पिंक फ्लॉइड

2008 साली होस्टेलवर माझ्या हाती एक पेन ड्राइव्ह आला. चार जीबीचा, टोपण हरवलेला. तो कुणाचा होता ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्यात ‘रॉक’ नावाचं एक फोल्डर आणि त्याच्या पोटात अल्बमांची वीसेक फोल्डर्स. हे सगळं ज्यानं जमवलं होतं त्याला नीटनेटकेपणाची भलतीच हौस असणार, कारण त्यानं प्रत्येक फाइलच्या नावाआधीचे आकडे काढून टाकले होते. 01, 02 काही नाही, नुसतं गाण्याचं नाव. विनॅम्पमध्ये फोल्डर ओढून टाकलं की गाणी इंग्रजी अक्षरक्रमानं लागायची. म्हणजे सलग दोन वर्षं मी रॉकमधले सगळ्यांत गाजलेले अल्बम ए टू झेड ऐकले, आणि तसं ऐकतोय याचा मला पत्ताही नव्हता.

हे सांगायचं कारण असं, की सर्वश्रेष्ठ अल्बम कोणता या वादात त्या दोन वर्षांत मी फार मोठ्या आवाजात बोललो. मेसमध्ये बोललो, गच्चीवर बोललो, परीक्षेच्या आदल्या रात्री बोललो. माझं आणि माझ्या रूममेटचं उत्तर ठरलेलं होतं: बीटल्सचा ‘रिव्हॉल्व्हर’. समोरच्या पार्टीत काळ्या टी-शर्टवर त्रिकोणी प्रिझम छापून हिंडणारी मंडळी. त्यांना आम्ही ‘टी-शर्टवाले’ म्हणायचो. ‘डार्क साइड ऑफ द मून’ आम्ही ऐकला नव्हता असं नाही. चांगला पाच-सहा वेळा ऐकला होता. माझं स्पष्ट मत होतं, की हा अल्बम फाटका आहे. गाणं रंगात येतं आणि धाडकन तुटतं. मध्येच कुणीतरी हसतं, मध्येच नुसतं ठोके पडल्यासारखं काहीतरी, आणि हे सगळं थोर मानायचं का, तर म्हणे वातावरणनिर्मिती.

आज मी टी-शर्टवाल्यांच्या बाजूला आहे. रूममेट अजूनही तिकडेच. पक्षांतर कसं झालं ते सांगतो, कारण त्यात मला या वादाचं मूळ सापडलं असं वाटतं.

आधी ‘रिव्हॉल्व्हर’बद्दल, कारण त्याच्यावरचं प्रेम कमी झालेलं नाही. ऑगस्ट 1966 मध्ये आलेला हा अल्बम. 14 गाणी, जेमतेम 35 मिनिटं. लंडनच्या अ‍ॅबी रोडवर ईएमआय कंपनीचा स्टुडिओ होता, तिथं चार ट्रॅकच्या टेपवर तो ध्वनिमुद्रित झाला. तोवर बीटल्सचा इंजिनिअर असलेल्या नॉर्मन स्मिथला निर्मात्याची बढती मिळाली आणि त्याच्या खुर्चीत जेफ एमेरिक नावाचा वीस वर्षांचा पोरगा बसला. वीस वर्षांचा! त्याला स्टुडिओचे नियम माहीत होते, पण ते पाळायची सवय अजून लागली नव्हती. माइक ड्रमच्या किती जवळ ठेवायचा याचा कंपनीचा नियम त्यानं मोडला, गायकाचा आवाज ऑर्गनच्या फिरत्या स्पीकरमधून काढला. ‘एलेनॉर रिग्बी’मध्ये चारांपैकी एकाही बीटलच्या हातात वाद्य नाही, आठ तंतुवाद्यांचा ताफा आणि त्यावर गाणारे आवाज, बस. ‘फॉर नो वन’मध्ये ऐन मध्यावर एक फ्रेंच हॉर्न येतो आणि दोन-अडीच मिनिटांच्या गाण्याला प्रौढ करून जातो. आणि ‘लव्ह यू टू’. सतारीनंतर तबला सुरू होतो. अल्बमच्या पाठीवर नाव छापलंय: अनिल भागवत. भागवत! बीटल्सच्या रेकॉर्डवर! होस्टेलवर नेटवर हे वाचलं तेव्हा आम्ही पूर्ण मजल्याला उठवलं होतं. त्या काळी बीटल्सच्या अल्बमवर बाहेरच्या वादकाचं नाव छापलं जाणं ही रोजची गोष्ट नव्हती.

तर हा अल्बम मी अक्षरक्रमानं ऐकला. माझ्या ‘रिव्हॉल्व्हर’ची सुरुवात ‘अँड युअर बर्ड कॅन सिंग’नं व्हायची आणि शेवट ‘यलो सबमरीन’नं. खऱ्या अल्बमचा आरंभ ‘टॅक्समन’नं होतो; माझ्याकडे ते गाणं बाराव्या नंबरावर होतं. तरी काही बिघडलं नाही. अजिबात नाही. प्रत्येक गाणं आपापल्या पायांवर उभं होतं, कुठूनही शिरा, दार उघडं. पुढं कळलं, की अमेरिकेत तर हा अल्बम वेगळाच निघाला होता. तिथल्या कंपनीनं जॉन लेननची तीन गाणी काढून आधीच दुसऱ्या रेकॉर्डवर टाकली होती, त्यामुळे अमेरिकनांना 11 गाण्यांचा ‘रिव्हॉल्व्हर’ मिळाला आणि 1987 ची सीडी येईपर्यंत तोच त्यांचा ‘रिव्हॉल्व्हर’ होता. दोन दशकं! तीन गाणी गायब, आणि तरी अल्बम थोर मानला गेला. तेव्हा मला हा त्याच्या थोरपणाचा पुरावा वाटायचा.

आता सीडीची गोष्ट. नोकरीला लागल्यावर ऑफिसातल्या एका टी-शर्टवाल्याचा वाढदिवस होता. आम्ही वर्गणी काढून त्याला ‘डार्क साइड ऑफ द मून’ची सीडी घेतली. खरेदीचं काम माझ्याकडे. सीडी कुठं अडकत तर नाही ना, हे बघायला मी ती आदल्या रात्री कॉम्प्युटरमध्ये घातली. एकदोन गाणी ऐकून बंद करणार होतो.

पहिल्यांदा काहीच ऐकू येत नाही. मग दुरून ठोके. हे ठोके मला ओळखीचे होते. माझ्या विनॅम्पवर ते सातव्या नंबरावर यायचे, ‘स्पीक टू मी’ नावानं. तिथं ते ठोके वाढायचे, घड्याळं टिकटिकायची, गल्ला खणखणायचा, कुणीतरी हसायचं, एक किंकाळी चढत चढत वर जायची आणि पट्कन कापली जाऊन अतिशय हळुवार पियानो सुरू व्हायचा. कारण पुढचं अक्षर टी, आणि ‘द ग्रेट गिग इन द स्काय’चं नाव ‘द’पासून सुरू होतं. दोन वर्षं मी ती किंकाळी अशी अर्धवट ऐकली होती. त्या रात्री किंकाळी वर गेली, आणि तिच्या टोकावरून ‘ब्रीद’चा गिटार असा उतरला, की जणू कुणी दीर्घ श्वास सोडला. मी खुर्चीत होतो तसाच राहिलो. 43 मिनिटं.

‘स्पीक टू मी’ हे गाणं नव्हतंच, ते नाटकाच्या नांदीसारखं होतं. पुढं जे जे येणार ते ते त्यात क्षणभर डोकावून जातं. माझ्याकडे ही नांदी सातव्या अंकात चालू होती. ‘ब्रेन डॅमेज’ चढत जातं ते ‘एक्लिप्स’मध्ये फुटण्यासाठी, माझ्याकडे मधे ‘ब्रीद’ घुसलेलं. ‘टाइम’ संपता संपता ‘ब्रीद’ची चाल परत येते, घरी आल्यासारखी, माझ्या यादीत ‘टाइम’ शेवटून दुसरं आणि ‘ब्रीद’ तिसरं, त्यामुळे ही परत भेट आहे हे कळायला पहिली भेट लक्षात असायला हवी ना! अक्षरक्रमानं एकच उपकार केला होता: ‘एनी कलर यू लाइक’नंतर ‘ब्रेन डॅमेज’ हा खरा क्रम योगायोगानं शाबूत राहिला होता. आणि गंमत म्हणजे, मला त्या अल्बममधला तेवढाच भाग आवडायचा. मी म्हणायचो, सुरुवात बरी आहे, मग फसतो.

म्हणजे फाटका अल्बम नव्हता, माझं फोल्डर होतं. पण हा फरक ‘रिव्हॉल्व्हर’च्या बाबतीत मला कळला नव्हता आणि इथं कळला, यातच उत्तर आहे असं मला वाटतं. सर्वश्रेष्ठ अल्बमच्या वादात आपण बहुतेक वेळा सर्वश्रेष्ठ गाण्यांचा वाद घालत असतो. कुणाकडे किती चांगली गाणी, याची बेरीज. त्या बेरजेत ‘रिव्हॉल्व्हर’ जिंकतो, आजही. पण अल्बम नावाची स्वतंत्र वस्तू असेल, म्हणजे दहा गाण्यांच्या बेरजेपेक्षा वेगळं काही असेल, तर ते गाण्यांच्या मधल्या सांध्यांत असणार. आणि सांधे तपासायची सगळ्यांत सोपी रीत म्हणजे ते निखळवून बघणं. तुमच्या फोनवर शफलचं बटण आहेच. 2021 च्या नोव्हेंबरमध्ये अडेलनं हट्ट धरला, की कलाकार गाण्यांचा क्रम विचार करून लावतात. तेव्हा स्पॉटिफायनं अल्बमच्या पानावरचं मुख्य शफल बटण काढून साधं प्ले ठेवलं. त्यावर बरेच जण हसले. मी नाही हसलो. दोन वर्षं शफल भोगलेला माणूस आहे मी.

हे सांधे आले कुठून? बहुतेक अल्बमांत आधी गाणी होतात, मग क्रम लागतो. ‘सार्जंट पेपर’च्या पहिल्या बाजूचा क्रमसुद्धा शेवटी शेवटी बदलला होता. पिंक फ्लॉइडनं उलटं केलं. त्यांनी आधी सबंध तुकडा रचला आणि तो लोकांसमोर वाजवायला घेतला. जानेवारी 1972 मध्ये ब्रायटनला पहिला प्रयोग झाला, तोही तांत्रिक बिघाडामुळे अर्ध्यात थांबवावा लागला. रेकॉर्ड आली मार्च 1973 मध्ये. म्हणजे वर्षभराहून अधिक काळ हा अल्बम रेकॉर्ड नसतानाच गावोगाव वाजत होता, एखादं नाटक मुंबईत यायच्या आधी दौऱ्यावर घासून घेतात तसा. कुठं लोक चुळबुळतात, कुठं शांत होतात, हे बघत बघत. आज ‘ऑन द रन’ म्हणून जो सिंथेसायझरचा पळापळीचा तुकडा आपण ऐकतो, त्या जागी आधी गिटारवरची एक लांबलचक जुगलबंदी होती. ‘ग्रेट गिग’च्या जागी ऑर्गनवर धार्मिक वचनांच्या टेपा लावत. जागा ठरलेली होती, तिथं काय बसवायचं ते नंतर सापडलं. माझ्या मते ही या अल्बमची किल्ली आहे.

त्या रिकाम्या जागेत काय बसलं, ते बघा. जानेवारी 1973, रविवारची संध्याकाळ. क्लेअर टॉरी नावाची पंचवीस वर्षांची गायिका अ‍ॅबी रोडला आली. शब्द नाहीत, चाल नाही. विषय मृत्यू, आणि तू गा. तिनं स्वतःला वाद्य समजून गायलं, दोनतीन टेक दिले, आपण जरा जास्तच केलं म्हणून ओशाळली आणि 30 पौंड घेऊन घरी गेली. हे वापरतील असं तिला वाटलंच नव्हतं. रेकॉर्ड दुकानात आली तेव्हा कळलं. पुढं 2004 मध्ये तिनं दावा लावला, 2005 मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली, आणि तेव्हापासून त्या रचनेवर रिचर्ड राइटच्या जोडीला तिचंही नाव सहरचनाकार म्हणून येतं. बत्तीस वर्षांनी. सर्वश्रेष्ठ म्हणून ज्याला डोक्यावर घ्यायचं त्या अल्बमवरचा हा डाग लपवण्यात अर्थ नाही. उलट माझ्या मते त्या 43 मिनिटांतलं सगळ्यांत उत्कट जे आहे ते बँडमधल्या चौघांपैकी कुणाच्याही गळ्यातलं नाही. आलाप म्हणावा तर त्याला राग नाही, रडणं म्हणावं तर ते सुरात आहे. आधी जोर, मग थकवा, मग नुसतं उरलेलं काहीतरी. आमच्याकडे आजी गेल्यावर घरात जे आवाज झाले होते त्यांचा क्रम असाच होता. पण हे गाणं ‘टाइम’नंतर आलं तरच हा क्रम लागतो. आधी वेळ निघून गेल्याचं कळायला हवं.

रेकॉर्डची पहिली बाजू तिथं संपते. एलपी ऐकणाऱ्याला उठून तबकडी उलटावी लागायची. आणि दुसऱ्या बाजूला पहिला आवाज कोणता, तर नाण्यांचा. शोक झाला, आता हिशेब. मला हा सगळ्या रॉकमधला सगळ्यांत निर्दय विनोद वाटतो. ती नाणी रॉजर वॉटर्सनं बायकोच्या मातीच्या भांड्यांच्या स्टुडिओतल्या एका वाडग्यात टाकून रेकॉर्ड केली. मग नाणी, फाटणारा कागद, गल्ला अशा आवाजांच्या टेपचे तुकडे पट्टीनं मोजून कापले आणि चिकटवून त्याची गोल फिरणारी माळ केली, म्हणजे ताल बिनचूक पडावा. ताल सात मात्रांचा. रॉक ऐकणाऱ्या पोरांना सातची सवय नसते, त्यामुळे ‘मनी’वर नाचायला गेलं की पाय चुकतो. ज्यांनी तबल्याच्या क्लासला रूपक बडवलाय त्यांनी तीन-दोन-दोन मोजून बघावं. विभागणी तीच असल्याचा दावा नाही, पण बोटं आपोआप हलतात. गिटारचा सोलो आला की ताल चारावर येतो आणि सगळं सुसाट सुटतं, परत गाणं आलं की परत सात. पैसा आहे तोवर पाय नीट पडत नाही, असं काहीसं. हा अर्थ मी लावलेला. बँडनं काय मनात धरलं होतं हा भाग वेगळा.

पानं उलटत प्रत्येक गाण्याबद्दल लिहिणार नाही. ‘अस अँड देम’ची चाल मुळात अँटोनियोनीच्या एका सिनेमासाठी केलेली आणि त्यानं नाकारलेली होती, एवढं सांगून पुढं जातो. पण त्या मधूनमधून बोलणाऱ्या माणसांबद्दल लिहायलाच हवं. वॉटर्सनं कार्डांवर प्रश्न लिहिले. वेड्याची भीती वाटते का, मरणाची वाटते का, शेवटचं भांडण कधी झालं, त्यात चूक कुणाची होती, असे. स्टुडिओत जो सापडेल त्याला माइकपुढं बसवलं: बँडचं सामान वाहणारे, त्यांच्यासोबतच्या बायका, इमारतीचा दारवान. पॉल मॅकार्टनी त्याच इमारतीत आपल्या ‘विंग्स’ बँडचं काम करत होता, त्यालाही बसवलं. त्याची उत्तरं वापरली नाहीत. तो विनोद करत होता, सावध होता. माइकसमोर काय बोलायचं हे त्याला माहीत होतं. अल्बमच्या अगदी शेवटी, ठोके विरत असताना जो आवाज ऐकू येतो तो दारवानाचा, जेरी ओड्रिस्कॉलचा. बीटलला वगळून दारवानाला शेवटचा शब्द देणारा अल्बम! याहून चांगलं संपादन मला ठाऊक नाही.

रूममेटला मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “म्हणजे तुझ्या ‘रिव्हॉल्व्हर’वाल्याला हाकललं म्हणून तुला आवडतं हे?” त्याचे आक्षेप मी इथं मांडतो, कारण ते हलके नाहीत.

पहिला: यातले शब्द साधे आहेत, जवळजवळ भाबडे. बॉब डिलनसमोर तर शाळकरी. खरं आहे. वेळ, पैसा, वेड, मरण यांवर कुणीही जे बोलेल तेच वॉटर्स बोलतो. पण इंग्रजी ऐकून समजायला ज्यांना तीन वर्षं लागली अशा आमच्यासारख्यांना विचारा. मला डिलन अजूनही हातात कागद घेऊन ऐकावा लागतो. वॉटर्सला शब्द सरळ हवे होते. पिंक फ्लॉइडच्या अल्बमवर पहिल्यांदा गाण्यांचे शब्द छापले गेले तेही याच वेळी. शब्द इथं पाटीचं काम करतात. रस्ता आवाजांचा आहे. याची परीक्षा पुढं वॉटर्सनंच घेऊन दाखवली. 2023 मध्ये त्यानं बाकीच्यांशिवाय अख्खा अल्बम नव्यानं केला, ‘रिडक्स’ नावानं. त्यात गिटारचे सोलो काढले आणि स्वतःचं बोलणं भरलं. ‘ग्रेट गिग’मध्ये टॉरी जिथं गायली होती तिथंही तो बोलतो. मी आदरानं ऐकला, आणि दुसऱ्या बाजूला पोचायच्या आत मूळ लावला. क्रम तोच, शब्द तेच आणि जास्तीचे, तरी सांधे सुटलेले. तेव्हा नुसता क्रम पुरत नाही, हेही कळलं.

दुसरा आक्षेप: हा अल्बम स्पीकर तपासायला वापरतात. फार घासूनपुसून केलेला, धुळीचा कण नाही. यावर माझ्याकडे उत्तर नाही. ‘ऑन द रन’ सुरू झाला की मलाही कधीकधी दुकानात उभं असल्यासारखं वाटतं. घड्याळांचा तो प्रसिद्ध गलका तर अ‍ॅलन पार्सन्स या इंजिनिअरनं चारही बाजूंनी ऐकू येणाऱ्या ध्वनीचं प्रात्यक्षिक म्हणूनच एका घड्याळांच्या दुकानात टिपला होता.

तिसरा आक्षेप सगळ्यांत जड, आणि तो रूममेटचा नाही, माझा आहे. सांधे हाच निकष असेल तर मार्विन गेचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ दोन वर्षं आधी, 1971 मध्येच येऊन गेलाय. त्याची पहिली बाजू ऐका: गाणं गाण्यात वितळतं, कुठं संपलं ते दाखवता येत नाही. ‘रोलिंग स्टोन’ मासिकाच्या 2003 च्या यादीत ‘सार्जंट पेपर’ पहिला होता. 2020 मध्ये नव्या तीनशेहून जास्त लोकांनी मतं दिली, तेव्हा ‘सार्जंट पेपर’ चोविसावा झाला आणि मार्विन गे सहावरून पहिला. पिंक फ्लॉइडचा आमचा अल्बम तेव्हा 43 वा होता, आता 55 वा. मतदार बदलले की श्रेष्ठत्व बदलतं, म्हणजे हा सगळा खेळ खोटा, असं यावर म्हणणारे बरेच. मला तसं वाटत नाही. ‘क्लासिक रॉक’ ही पेटीच मुळात अमेरिकन रेडिओवाल्यांनी बनवलेली, आणि त्या पेटीत कृष्णवर्णीय कलाकार जवळजवळ जिमी हेंड्रिक्सपुरते. नव्या मतदारांनी पेटीचं झाकण उघडलं. बरं केलं. माझं म्हणणं एवढंच, की मार्विन गेची दुसरी बाजू ‘राइट ऑन’मध्ये सात मिनिटं रेंगाळते आणि तिथं वीण सैल पडते. शेवटच्या गाण्याच्या टोकाला सुरुवातीची चाल परत आणून तो ती पुन्हा आवळतो, पण मधली ढील मला जाणवते. केसाएवढा फरक आहे. उद्या कुणी नीट वाद घातला तर मी हलेन.

‘सार्जंट पेपर’बाबत मात्र हलणार नाही. काल्पनिक बँडची कल्पना दोन गाण्यांपुरती टिकते, मग शेवटाजवळ आठवण आल्यासारखी परत येते. आपल्या गाण्यांचा त्या कल्पनेशी संबंध नाही हे लेननच सांगायचा. ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’ आणि ‘पेनी लेन’ ही दोन गाणी सिंगल म्हणून आधीच काढून टाकली आणि अल्बमबाहेर राहिली. निर्माता जॉर्ज मार्टिनला त्याचा जन्मभर पश्चात्ताप झाला. त्या मुखपृष्ठाच्या गर्दीतून गांधीजींना ऐनवेळी काढलं गेलं, भारतात रेकॉर्ड विकताना अडचण नको म्हणून. मला हे मुखपृष्ठ अल्बमपेक्षा जास्त एकसंध वाटतं, ते नसलेले गांधीजी धरून. आणि ‘पेट साउंड्स’? ब्रायन विल्सन तेवीस वर्षांचा होता, एका कानानं त्याला जवळजवळ ऐकू येत नव्हतं, आणि त्यानं तो मोनोमध्ये केला. तो अल्बम मी कुणाशी वाद घालायला वापरत नाही.

यादीतल्या जागेबद्दल एक शेवटचं. समीक्षकांनी पंचावन्नावा ठरवलेला हा अल्बम अमेरिकेत फक्त एक आठवडा पहिल्या नंबरावर होता. पण पहिल्या दोनशेंच्या यादीत तो 1973 ते 1988 या काळात एकूण 741 आठवडे होता. लोकप्रिय म्हणजे थोर असं मी म्हणत नाही. होस्टेलवर तर लोकप्रिय म्हणजे हलकं असंच मी मानायचो, आणि प्रिझमचा टी-शर्ट दिसला की कान बंद करायचो. पण चौदा वर्षांहून जास्त काळ दर आठवड्याला कुणीतरी नवीन माणूस दुकानात जाऊन हाच अल्बम मागत होता, आणि त्या माणसाकडे शफल नव्हतं. समीक्षकाला अल्बममधून गाणी वेगळी काढून तपासायची सवय असते. या अल्बममधून गाणी निघत नाहीत, निघतात ती फाटून निघतात. मला वाटतं तो यादीत खाली राहतो याचं अर्धं कारण हे आहे.

ऐकायचाच झाला तर एक काम करा. फोनच्या म्युझिक अ‍ॅपमध्ये दोन गाण्यांमध्ये गॅप न ठेवण्याची सेटिंग असते ती चालू करा, क्रॉसफेड असेल तर बंद. गाण्यांच्या मधे जाहिरात आली तर तो प्रयोग बाद.

हा लेख लिहायला घेतल्यावर मी रूममेटला मेसेज केला. तो आता बंगळुरूला असतो. त्यानं लगेच फोन केला. सगळा युक्तिवाद ऐकून घेतला, ‘फोल्डरच्या चुकीवर अख्खं सौंदर्यशास्त्र उभं करतोस लेका’ म्हणाला, आणि मग विचारलं, “आपल्या फोल्डरमध्ये ‘टुमॉरो नेव्हर नोज’ कितवं होतं?”

शेवटून दुसरं. त्याच्यानंतर ‘यलो सबमरीन’.

“आणि खऱ्या अल्बममध्ये?”

शेवटचं. तेच तर पहिल्यांदा रेकॉर्ड केलं होतं, 6 एप्रिल 1966 ला. एका स्वरावर अडून बसलेली तंबोऱ्यासारखी गुणगुण, टेपची उलटीसुलटी वेटोळी, फिरत्या स्पीकरमधून येणारा लेननचा आवाज. सगळ्यांत आधी केलेलं गाणं त्यांनी नेऊन सगळ्यांत शेवटी ठेवलं, ज्याच्यानंतर काहीच लावता येणार नाही अशा ठिकाणी. आणि आम्ही त्याच्यानंतर दोन वर्षं पाणबुडीचं बालगीत ऐकत होतो.

“हा सांधा नाही का?” तो म्हणाला.

फोन ठेवल्यावर मी ‘रिव्हॉल्व्हर’ सुरुवातीपासून लावला, ‘टॅक्समन’पासून, नीट क्रमानं. तेरा गाण्यांपर्यंत माझं मत कायम होतं.